चिकटपट्टीवर फिरलेला टर्नटेबल

मे २०२३ मध्ये मी एक जुना टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचे यंत्र, विकत घेतला आणि त्या व्यवहारात पूर्णपणे फसलो. रक्कम फार मोठी नव्हती आणि चार लोकांत सांगायची थोडी लाजही वाटते. परंतु ज्या युक्तीने मला फसवले गेले ती इतकी साधी आहे, आणि गोव्यात जुन्या वस्तूंचा व्यापार इतका वाढला आहे, की घडलेला प्रकार तपशिलासह लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझे वडील पेटी वाजवत आणि फोंडा तालुक्यातल्या देवळांमधून भजनांना साथ करत. ते गेले तेव्हा मागे सुमारे साठ रेकॉर्डी राहिल्या. बहुतेक नाट्यसंगीत आणि भावगीते, काही ख्यालगायन. घरचा जुना प्लेअर वाळवीने कधीच संपवला होता. वडिलांची एक सवय होती. रेकॉर्ड आणली की तिच्याबरोबर पेटी घेऊन बसायचे आणि गायकाचा सूर कोणता हे पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवायचे: ‘काळी एक’, ‘पांढरी चार’, ‘काळी पाच’. या नोंदींचा पुढे असा उपयोग होईल, हे त्यांच्या किंवा माझ्या स्वप्नातही आले नसते.

किनारपट्टीवरच्या बाजारांत पर्यटकांसाठी पितळी कर्ण्याचे ‘प्राचीन’ ग्रामोफोन मांडलेले असतात. नवा कर्णा, नवी पेटी, कुठल्या तरी मोडक्या यंत्राचे सुटे भाग आणि वर चिकटवलेले कुत्र्याचे चित्र, असा तो सगळा थाट असतो. तो माल मला लांबूनच ओळखता येतो, म्हणून या बाबतीत मी स्वतःला शहाणा समजत होतो. हा शहाणपणाच मला नडला, असे आज वाटते.

विक्रेता पणजीच्या परिसरात जुने फर्निचर, चिनी मातीची भांडी आणि दिवे विकत असे. मी निवृत्त शिक्षक असल्याचे कळताच तो मला ‘मास्तर’ म्हणू लागला आणि अतिशय अदबीने बोलला. हा टर्नटेबल एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातून निघाला आहे, मालकाच्या चुलत्याने तो गोवामुक्तीच्या आधी, १९६० साली, लिस्बनहून आणला होता आणि यंत्राची नुकतीच पूर्ण दुरुस्ती करून त्याला ‘ओरिजिनल शुअर’ कंपनीची कोरी सुई बसवली आहे, असे त्याने सांगितले. मग त्याने सॅक्सोफोनची एक रेकॉर्ड लावली. खोलीत मंद उजेड होता, शिसवी कपाटांचा वास येत होता आणि सूर खरोखरच गोड लागत होता. मी ३२,००० रुपयांना होकार दिला. यंत्र ११० व्होल्टवर चालते म्हणून आणखी २,५०० रुपये देऊन त्याच्याकडूनच ट्रान्सफॉर्मरही घेतला.

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर असलेल्या आणि मी न पाहिलेल्या गोष्टी आता एकेक करून आठवतात. थाळीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवरून ४५ वर नेणारा खटका त्याने मला हलवू दिला नाही. ‘नाजूक आहे, मास्तर, आणि तुमच्या गाण्यांना ४५ लागतेच कुठे,’ असे तो म्हणाला. मागच्या बाजूस, जिथे यंत्राची विजेविषयीची माहिती छापलेली असते, तिथे ‘तपासले’ असे लिहिलेला एक मोठा स्टिकर होता. फिरती थाळी उचलून आतले पाहू का, असे मी विचारले, तेव्हा बेल्ट नुकताच बसवला आहे, घरी नेईपर्यंत हात लावू नका, असे उत्तर मिळाले. पैसे यूपीआयने गेले, पण ज्या खात्यात गेले त्यावरचे नाव त्याचे नव्हते. बिल ‘उद्या पाठवतो’ म्हणाला. एवढी लक्षणे एकाच तासात दिसूनही मी यंत्र गाडीत ठेवले, यात दोष माझाच आहे.

घरी पहिले काही दिवस बरे गेले. सतारीचा किंवा तंबोऱ्याचा लांबलेला स्वर किंचित हेलकावे खातो असे जाणवत असे, पण रेकॉर्डी जुन्या आहेत अशी मी स्वतःची समजूत घातली. जून उजाडला, पाऊस सुरू झाला, हवा ओलसर झाली आणि हेलकावे वाढले. जुलैमध्ये एका रात्री गाणे सुरू असतानाच थाळी थांबली. ती उचलली तर बेल्ट निसटलेला होता आणि मोटरच्या पुलीभोवती, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या छोट्या चाकाभोवती, काळ्या कापडी चिकटपट्टीचे वेटोळे सैल होऊन लोंबत होते. त्याचा गोंद उष्णतेने आणि दमटपणाने विरघळून सगळीकडे पसरला होता. हा काही तरी कचरा आहे असे समजून मी ती पट्टी काढून टाकली, पुली पुसली, बेल्ट चढवला आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. गायिकेच्या जागी कोणी तरी थकलेला पुरुष गातो आहे असे वाटले.

पाकिटावर वडिलांच्या अक्षरात ‘काळी पाच’ लिहिलेले होते. पेटी काढली. गायिकेचा षड्ज पांढरी पाचच्याही किंचित खाली लागत होता. म्हणजे तीन अर्धस्वरांहून थोडी अधिक घसरण.

पुढचा उलगडा मडगावच्या एका वयस्क कारागिराने केला, ज्यांनी आयुष्यभर रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त केले आहेत. त्यांनी गरम हवेने स्टिकर सोडवला. खाली स्पष्ट छापलेले होते: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अशा बेल्टवर चालणाऱ्या अनेक जुन्या यंत्रांतली मोटर किती वेगाने फिरावी हे विजेची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने (हर्ट्झ), ठरवते, व्होल्टेज नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, वारंवारतेला हात लावत नाही. त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर इथे एक षष्ठांश हळू फिरते आणि ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे होतात. यावर खरा उपाय म्हणजे ५० हर्ट्झसाठीची, म्हणजे १.२ पट व्यासाची, पुली बसवणे. विक्रेत्याने तो खर्च वाचवण्यासाठी ३३⅓ च्या टप्प्यावर चिकटपट्टी गुंडाळून पुली जाड केली होती. ४५ च्या टप्प्यावर पट्टी नव्हती, म्हणून तो खटका ‘नाजूक’ होता.

लिस्बनची कथाही त्याच पट्टीबरोबर गळून पडली. पोर्तुगालची वीजही ५० हर्ट्झचीच आहे, तेव्हा तिथे विकत घेतलेल्या यंत्रावर असा शिक्का कशाला असेल? यंत्र जपानी बनावटीचे, सत्तरच्या दशकातले आणि अमेरिकेच्या बाजारासाठी तयार केलेले होते. मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण यंत्र चांगलेच आहे आणि त्याचा यात काही अपराध नाही.

सुईचा प्रकार याहून वाईट निघाला. शुअर कंपनीने टर्नटेबलच्या काट्रिज (सुई जिच्यात बसते तो भाग) आणि सुया बनवणे २०१८ सालीच बंद केले. जुना शिल्लक माल कुठे तरी मिळू शकतो, परंतु ‘कोरी ओरिजिनल’ सुई सहज बसवून दिली आहे असे कोणी म्हणाले, तर डबी आणि सुई दोन्ही भिंगाखाली पाहावीत. माझ्या सुईचे टोक दोन्ही बाजूंनी घासून सपाट झालेले होते. अशी सुई उड्या मारते. तिने उडू नये म्हणून विक्रेत्याने आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागचे वजन पुढे सरकवून दाब वाढवला होता. त्या काट्रिजला दीड ते दोन ग्रॅम दाब पुरतो, इथे छोट्या काट्यावर पावणेपाच ग्रॅम भरला. आर्मच्या चकतीवर मात्र आकडा दोनचाच दिसत होता, कारण आकड्यांची कडी वजनाला धक्का न लावता स्वतंत्रपणे फिरवता येते. हे मला ठाऊक नव्हते.

घासलेली सुई आणि पावणेपाच ग्रॅम दाब, असे मी जवळजवळ दोन महिने वडिलांच्या रेकॉर्डी वाजवल्या. पैशांचे दुःख मी विसरलो आहे. पण त्यांतल्या चार रेकॉर्डींवर, विशेषतः ‘स’ आणि ‘श’ येतात त्या जागी, आता कायमची खरखर आहे आणि खाचेच्या भिंती कापल्या गेल्यावर ती कोणत्याही धुण्याने जात नाही.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा ‘मास्तर’ संपले होते. ‘तुम्हीच घरी उघडलात, पट्टी तुम्हीच लावली नसेल कशावरून?’ असा त्याचा प्रश्न होता. व्हॉट्सअॅपवरचे त्याचे संदेश काही दिवसांनी आपोआप पुसले जाण्याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोललो, पण हातात बिल नाही आणि पैसे भलत्याच नावावर गेलेले, अशा स्थितीत मी पुढचा पाठपुरावा सोडून दिला. सोडायला नको होता, असे घरचे म्हणतात.

आता जुना टर्नटेबल पाहायला जाणाऱ्यांसाठी. आपल्याला तोंडपाठ असलेले गाणे असणारी, पण खराब झाली तरी चालेल अशी एक रेकॉर्ड बरोबर न्यावी. विक्रेत्याच्या रेकॉर्डचा मूळ सूर आपल्याला माहीत नसतो, आणि सॅक्सोफोन थोडा उतरला तर तो अधिकच मधुर वाटतो. त्याहून पक्की परीक्षा कानाची नाही, मोजणीची आहे. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा लावून घड्याळ पाहत फेरे मोजावेत. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. माझ्या यंत्राचे पट्टी काढल्यावर ८३ होत होते. वेग तपासण्यासाठी रेघा छापलेली स्ट्रोबची कागदी चकतीही चालते, मात्र अनेक एलईडी दिव्यांच्या उजेडात तिच्या रेघा नीट दिसत नाहीत. पट्टी लावलेले यंत्र या मोजणीत पास होऊ शकते, म्हणून थाळी उचलून पुली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दोन्ही वेगांवर चालवून पाहावे. आणि सुईचा दाब मोजणारा काटा काही शे रुपयांत मिळतो, तो खिशात असावा.

माझ्या यंत्राची पुली शेवटी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर पितळेची करून घेतली. पहिली सपाट केली तर बेल्ट वर सरकून निसटू लागला. दुसरी मध्यभागी किंचित फुगीर केली तेव्हा तो जागेवर राहिला. दोन्ही मिळून १,८०० रुपये लागले. कारागिरांनी ट्रान्सफॉर्मरही बदलायला लावला, कारण ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर अधिक तापते आणि तिला १०० व्होल्टच पुरेसे होतात. नवा बेल्ट, नवी सुई, बेअरिंगमध्ये तेलाचे दोन थेंब. पावसाळ्यात रेकॉर्डींवर बुरशी येते, म्हणून त्या उभ्या आणि भिंतीपासून दूर ठेवतो. प्लास्टिकच्या रेकॉर्डी डिस्टिल्ड पाण्याने पुसतो. लाखेच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डींना स्पिरिट कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. विक्रेत्याने मला नेमका स्पिरिट लावण्याचाच सल्ला दिला होता. सुदैवाने तो मी मानला नाही.

गेल्या महिन्यात म्हापशाच्या एका परिचिताने एका टर्नटेबलचे फोटो पाठवून मत विचारले. किंमत ३६,०००, भाटकाराचे घर, चुलते, लिस्बन, १९६०. मागच्या बाजूचा ‘तपासले’ हा स्टिकर त्याच जागी होता. तो काढून खालचा फोटो मागा, एवढेच मी त्याला कळवले. त्याने मागितला, आणि त्यानंतर विक्रेत्याने त्याचा फोन उचललेला नाही.