सुपर कॉरिडॉरवरील ड्युएथलॉन: एका हौशी स्पर्धकाचा अभिप्राय

गेल्या जानेवारीत इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर झालेल्या ड्युएथलॉनमध्ये मी पंचेचाळीस वर्षांपुढील गटातून भाग घेतला. आधी ५ किलोमीटर धावणे, मग २० किलोमीटर सायकल आणि लगेच पुन्हा २.५ किलोमीटर धावणे, असे स्पर्धेचे स्वरूप होते; या खेळात ज्याला स्प्रिंट अंतर म्हणतात, ते हेच. पोहण्याचा सराव नसल्यामुळे ट्रायथलॉनपासून दूर राहणाऱ्या माझ्यासारख्या हौशी खेळाडूंना या प्रकाराचे मोल फार आहे. नोंदणीचे शुल्क १,४०० रुपये होते. एवढ्या पैशांत काय उत्तम मिळाले आणि स्पर्धा कुठे उणी पडली, हे पुढील वर्षी नाव नोंदवू पाहणाऱ्यांना कळावे म्हणून लिहीत आहे.

ज्याला ट्रान्झिशन म्हणतात, ती सायकली ठेवण्याची आणि खेळ बदलण्याची जागा अशा स्पर्धेचा प्राण असते, कारण तिथे घड्याळ थांबत नाही. बूट बदलण्यात आणि हेल्मेट घालण्यात गेलेला प्रत्येक सेकंद एकूण वेळेत मोजला जातो. या बाबतीत आयोजकांना पूर्ण गुण द्यावे लागतील. आडव्या पाइपांचे मजबूत रॅक होते, प्रत्येक जागेवर स्पर्धकाचा क्रमांक चिकटवलेला होता आणि सायकल सीटने अडकवल्यावर खाली बूट व बाटली ठेवण्यापुरती जागा उरत होती. आत येण्याची वाट एका टोकाला आणि बाहेर पडण्याची दुसऱ्या टोकाला ठेवल्यामुळे, रॅक कुठलाही मिळाला तरी प्रत्येकाला सारखेच अंतर कापावे लागत होते. ही गोष्ट बाहेरून दिसत नाही, पण ज्याने ती आखली त्याला खेळ कळतो हे नक्की.

आदल्या संध्याकाळी सायकल जमा करताना झालेली तपासणीही मनापासून केलेली होती. माझ्या हँडलच्या डाव्या टोकाचे रबरी बूच कधीतरी गळून पडले होते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. तपासणाऱ्या तरुणाने त्या उघड्या नळीवर अंगठा ठेवून सांगितले, की पडल्यावर ही कडा पोटात घुसू शकते, म्हणून हे बंद केल्याशिवाय सायकल आत घेता येणार नाही. त्याने स्वतःच्या पेटीतून बूच काढून बसवले, वर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले आणि मगच सायकलीवर क्रमांक लावला. वीस वर्षे सायकल चालवूनही हे मला कोणी सांगितले नव्हते.

रॅकवरून सायकल उचलण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा बांधलेला असला पाहिजे आणि सायकल परत अडकवेपर्यंत तो सोडता कामा नये, हा नियम आदल्या दिवशीच्या माहितीसत्रात दोनदा सांगण्यात आला. तरीही पहिली धाव संपवून आल्यावर, थंडीने बोटे बधिर झालेली असताना, माझा हात सवयीने आधी हँडलकडे गेला. समोर उभी असलेली कॉलेजातली स्वयंसेविका लगेच म्हणाली, ‘काका, आधी बक्कल, मग सायकल.’ तिच्या त्या एका वाक्याने माझा दंड टळला.

गिअरच्या साध्या हायब्रिड सायकलींसाठी वेगळा गट ठेवला होता, हेही योग्यच. महागड्या रोड बाइकशी आमच्यासारख्यांची तुलना होत नाही आणि नवख्यांना केवळ सायकलीपायी मागे राहावे लागत नाही.

दुर्दैवाने सायकलीचा मार्ग एवढ्या काळजीने आखलेला नव्हता. अडीच किलोमीटर जाऊन तेवढेच परत, अशा चार फेऱ्या होत्या. रस्ता रुंद व गुळगुळीत आहे, वाहतूकही त्या वेळेपुरती बंद केली होती. मात्र दुभाजकात मेट्रोचे खांब ओळीने उभे असल्याने एका बाजूने पलीकडचे नीट दिसत नाही आणि दुभाजकाला वळण्यासाठी एकापेक्षा अधिक जागा आहेत. ठरलेल्या वळणाच्या सुमारे ४०० मीटर अलीकडे अशीच एक मोकळी जागा होती. तिथे ना शंकू ठेवले होते, ना कोणी स्वयंसेवक होता. काही स्पर्धक तिथूनच वळले. मुद्दाम वळले असे मी म्हणणार नाही, कारण धाप लागलेल्या माणसाला समोरचा वळताना दिसला की तोही वळतो. पण चारही फेऱ्यांत असे वळणाऱ्याचे ३.२ किलोमीटर वाचतात आणि ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने त्याची सहा मिनिटांहून अधिक वेळाची बचत होते. वेळ मोजणारी चिप प्रत्येकाच्या घोट्याला बांधलेली होती. तिची नोंद घेणारी मॅट मात्र फक्त ट्रान्झिशनपाशी होती, वळणावर नव्हती. त्यामुळे पूर्ण अंतर कोणी कापले आणि कोणी नाही, हे यंत्रणेला कळण्याचा मार्गच उरला नाही.

दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवण्याबाबतही तेच झाले. दहा मीटरचे अंतर राखण्याचा नियम सांगितला होता आणि तो आवश्यकच आहे, कारण त्या वेगात सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात खर्च होते व पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम बरेच कमी होतात. कॉरिडॉर मोकळा असल्याने परतीच्या प्रत्येक फेरीत वारा समोरून येत होता. एकट्याने तो झेलत असताना शेजारून चौघांची रांग निघून जाते आणि तिच्याकडे पाहणारा एकही पंच मोटारसायकलवर दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटले.

शेवटच्या धावेसाठी एक सल्ला द्यावासा वाटतो. सायकलवरून उतरल्यावर पहिली पाच-सात मिनिटे पाय आपले वाटत नाहीत. पावले आखूड पडतात आणि मांड्या जड होतात. आठवड्यातून एकदा सायकलीनंतर लगेच पंधरा मिनिटे धावण्याचा सराव मी दोन महिने केला होता, म्हणून निभावले. तो न करता कोणी येऊ नये. या टप्प्यावर पाण्याची दोन केंद्रे पुरेशी होती. शेवटी मिळालेले शेव-जिरावन घातलेले गरम पोहे उत्तम होते.

निकालात माझा क्रमांक चौथा लागला. तिसऱ्याशी अंतर दोन मिनिटांचे होते. मी त्याच दिवशी आयोजकांना पत्र पाठवले, वळणाची जागा नकाशावर दाखवली आणि सर्वांकडून घड्याळातील जीपीएस नोंदी मागवण्याची विनंती केली. नऊ दिवसांनी उत्तर आले, सभ्य भाषेत आले, आणि चूक मान्य करणारे होते. पण सगळ्यांकडे घड्याळे नसल्याने निकाल बदलता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यांची अडचण मला समजते. तरीही महिनोन्‌महिने पहाटे उठून सराव केलेल्यांचा निकाल असा अनिश्चित राहणे मला मान्य नाही. पुढील नोंदणी सुरू होताच मी एकच प्रश्न विचारणार आहे: वळणावर मॅट असेल का? होकार आला, तर १,४०० रुपये त्याच दिवशी भरीन.