उंचीप्रमाणे टेबल-खुर्च्या, झेडपी शाळेतला वापरानंतरचा अनुभव

जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हापासून वापरतोय, आता संक्रांत झाली, म्हणून लिहितो. आमची झेडपीची शाळा, चौथी-पाचवी एकाच खोलीत. लोकवर्गणी करून तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतल्या, चौकोनी पाइप अन वर प्लाय.

आधीचे बेंच सगळे एकाच मापाचे, मोठ्या पोट्ट्यांचे. लहान लेकरांचे पाय लोंबकळायचे, बेंचची कड मांडीत रुतायची, पायाला मुंग्या यायच्या मग ते एक पाय वर घेऊन बसायचे अन वरून आमची बोलणी खायचे की नीट बस. कसं बसन ते नीट? टेबल छातीला लागायचं, लिहिताना खांदा पार कानापाशी.

यावेळी उंची मोजूनच ऑर्डर दिली. युरोपात ईएन १७२९ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात ११९ ते १४२ सेंमी उंचीच्या मुलाला बसायची जागा ३५ सेंमी उंच असलेली खुर्ची अन ५९ उंचीचं टेबल, १३३ ते १५९ वाल्याला ३८ अन ६४. मधल्या उंचीचं लेकरू दोन्हीत येतं, त्याला बसवूनच पाहा. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा, अन कोपर टेबलाच्या जवळपास पातळीत. आमची लेकरं चपला दाराबाहेर काढतात म्हणून माप अनवाणीच घेतलं.

मापाला रंगाचा पट्टा मारला, ३५ ला पिवळा, ३८ ला लाल, हे रंगबी त्याच स्टँडर्डमधले. पाचवीतली बुटकी पोरं पिवळ्यावर बसायला तयारच नव्हती, चौथीची खुर्ची म्हणे. मग चौथीच्या उंच पोरींना लालवर बसवलं, तेव्हा मिटलं. दिवाळीनंतर पुन्हा उंची मोजली तर बरेच जण पिवळ्यावरून लालवर गेले, म्हणून लाल थोड्या जास्तच बनवा, अन वर्गाच्या पटावरून तर ऑर्डर देऊच नका.

फरक? चुळबुळ कमी झाली, शुद्धलेखनाच्या तासाला मान वहीत घालून बसणं कमी झालं. पाठदुखीबद्दल एवढ्यात बोलणार नाही.

खराब काय तर पावसाळ्यात प्लायच्या कडा फुगल्या, वेल्डिंगवाल्यानं कडेला पट्टी लावलीच नव्हती. पायाची रबरी बुचं निघून गेली, आता फरशीवर खुर्ची ओढली की कान फाटतात. सनमायका चकचकीत, खिडकीजवळच्याला उजेड डोळ्यात येतो, तो वाकडाच बसतो, मग मापाचा उपयोग काय! पुढच्या लॉटला मॅट सनमायका, कडेला पट्टी अन बुचं पाइपात ठोकून बसवणारी, हे आधीच कागदावर लिहून घेतो आहे.