पुरानंतर पैसा कशावर: फिरता दवाखाना की आरोग्य उपकेंद्र?

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरीकडची वैनगंगाकाठची गावं पाण्याखाली गेली.

अशा वेळी फिरता दवाखाना बरा: लगेच येतो, ताप-हगवण आवरतो. पण तो येतो दिवसा, ऐन कामाच्या वेळी. डोंगा-जाळं वाहून गेलेला ढिवर, म्हणजे मासेमार, तेव्हा दुसऱ्याच्या बांधीत (धानाच्या शेतात) मजुरीला असतो. गोळ्या घ्यायच्या तर रोजी बुडते.

उपकेंद्र उभं राहायला महिने लागतात, ठेकेदाराची मर्जी वेगळीच! तरी माझं मत तिकडेच. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या गोळ्या कायम लागतात, बाळंतपणाच्या कळा रात्रीही येतात. नर्सबाई गावातच हवी. फक्त जोतं पूररेषेच्या वर घ्या.