एक्सप्रेसचे ‘कॉर्स’ मिडलवेअर: उत्तर चोख, आठवण पाच सेकंदांची

एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर चालणाऱ्या सर्व्हरसाठी एनपीएम या पॅकेज-भांडारात मिळणारे ‘कॉर्स’ हे मिडलवेअर (रिक्वेस्ट मुख्य कोडपर्यंत पोहोचण्याआधी ती हाताळणारा कोड) मी अनेक प्रकल्पांत वापरले आहे. एका ओरिजिनवरील (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट यांची जोडणी) पानाला दुसऱ्या ओरिजिनकडे जेसन स्वरूपातील डेटा पाठवायचा असेल किंवा लॉगिनचे टोकन नेणारा ऑथरायझेशन हेडर जोडायचा असेल, तर ब्राउझर आधी ऑप्शन्स प्रकारची रिक्वेस्ट पाठवून परवानगी विचारतो; हीच प्रीफ्लाइट. या प्रीफ्लाइटला हे मिडलवेअर २०४ (यशस्वी, मजकूर नाही) हा कोड देऊन परस्पर वाटेला लावते. प्रीफ्लाइटसोबत टोकन येत नसल्यामुळे ते लॉगिन तपासणीच्या आधी जोडावे लागते. मी एकदा हा क्रम उलटा लावला आणि ४०१ (ओळख पटली नाही) हा कोड का येतो हे शोधण्यात अख्खी दुपार घालवली.

माझी तक्रार वेगळी आहे. परवानगी किती सेकंद लक्षात ठेवायची हे ब्राउझरला सांगणारा ‘मॅक्सएज’ हा पर्याय तुम्ही स्वतः दिला नाही, तर संबंधित हेडर पाठवलाच जात नाही आणि मग ब्राउझर मिळालेली परवानगी जेमतेम ५ सेकंद लक्षात ठेवतो. म्हणजे वापरकर्त्याने फॉर्म वाचून थोड्या वेळाने पुन्हा बटण दाबले की सर्व्हरकडे आणखी एक खेप. इतक्या महत्त्वाच्या पर्यायाची माहितीपत्रकात एका ओळीत बोळवण केलेली आहे. मी ८६४०० सेकंद ही किंमत देतो. फायरफॉक्स ती पूर्ण २४ तास पाळतो, क्रोम मात्र आवृत्ती ७६ पासून २ तासांवर थांबतो. (फरक तपासताना ब्राउझरच्या डेव्हटूल्समधील ‘डिसेबल कॅश’ची खूण काढावी, नाहीतर प्रत्येक वेळी प्रीफ्लाइट दिसेल आणि दोष उगाच पॅकेजला लागेल.)

तरीही ज्या एपीआयच्या (पान ज्याच्याकडे डेटा मागते त्या सर्व्हरच्या सेवेच्या) पत्त्यातच ऑर्डर क्रमांक असतो, तिथे फारसा लाभ होत नाही, कारण ब्राउझर ही परवानगी प्रत्येक यूआरएलसाठी स्वतंत्र जपतो आणि प्रत्येक नव्या ऑर्डरसाठी पुन्हा विचारतो. हा दोष मिडलवेअरचा नव्हे. वेबच्या नियमांतच ती मर्यादा आहे. अशा ठिकाणी एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा रिव्हर्स प्रॉक्सी (रिक्वेस्ट स्वतः घेऊन मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ) लावून पान आणि एपीआय एकाच ओरिजिनखाली आणल्यास प्रीफ्लाइट मुळातच उद्भवत नाही. आमच्या अंतर्गत अहवाल प्रणालीत तसे केल्यावर हे पॅकेज मी काढून टाकले; इतरांच्या संकेतस्थळांवरून वापरल्या जाणाऱ्या एपीआयवर मात्र ते अजून आहे, ‘मॅक्सएज’सह.