शाळांसाठीचं तयार चाचणी पॅकेज: प्रश्नपेढी झकास, पण मोठ्या चाचण्या शिकवायचा वेळ खातात

आमच्या शाळेने एका कंपनीचं चाचणी पॅकेज घेतलंय. नाव लिहीत नाही, कारण अशी पॅकेजं बरेच जण विकतात आणि साचा थोड्याफार फरकाने तोच असतो: वर्षात तीन मोठ्या ऑनलाइन चाचण्या, सगळ्या तुकड्यांना एकच पेपर, मग रिपोर्ट, आणि सोबत सरावासाठी प्रश्नपेढी. मी पाचवीला गणित आणि भाषा शिकवते, त्यामुळे हे सगळं वर्गात कसं चालतं ते रोज बघतेय.

आधी चांगलं सांगते. प्रश्नपेढी खरंच मेहनतीने बनवलीय, चुकीचे पर्याय उगाच भरलेले नाहीत. १/३ + १/४ च्या प्रश्नात २/७ हा पर्याय ठेवलाय, म्हणजे जे मूल तो निवडतं ते वरचे आकडे वेगळे आणि खालचे वेगळे मिळवतंय हे तिथल्या तिथे कळतं आणि दुसऱ्या दिवशी मी नेमकं तेच शिकवू शकते. एवढ्यासाठी पॅकेज घेतलं असेल तर पैसे वसूल.

आता मोठ्या चाचण्या. माहितीपत्रकात लिहिलंय की एका चाचणीला फक्त दीड तास लागतो, आणि ते खोटं नाही, पण तो नुसता पेपर सोडवायचा वेळ झाला. लॉगिन चालत नाही, ज्यांचं आधी होतं ती मुलं नुसती बसून, गैरहजर असलेल्यांची नंतर वेगळी बॅच, तोवर कॉम्प्युटर लॅब बाकीच्या वर्गांना बंद, हे कोणी मोजतच नाही. आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो आधीच्या तयारीत. अमेरिकेत २०१५ मध्ये ‘कौन्सिल ऑफ द ग्रेट सिटी स्कूल्स’ने मोठ्या शहरांमधल्या ६६ स्कूल डिस्ट्रिक्टचा (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांचा) अभ्यास केला होता, त्यात आठवीच्या मुलांचा सक्तीच्या चाचण्यांमध्ये वर्षाला सरासरी ४.२२ दिवस म्हणजे २.३४ टक्के वेळ जातो असं निघालं. ऐकायला किती कमी वाटतं ना? पण तयारीचे तास त्यात धरलेलेच नाहीत.

तयारीत नक्की काय जातं ते सांगते. पेपरमध्ये फक्त पर्याय निवडायचे असतात म्हणून निबंध मागे पडतो, मग उत्तर पूर्ण वाक्यात लिहायची सवय जाते, विज्ञानाचा प्रयोग ‘चाचणीनंतर करू’ म्हणून पुढे ढकलला जातो आणि चाचणी झाली की पोर्शन मागे राहिलेला असतो, त्यामुळे तो प्रयोग राहतो तो राहतोच. यात शिक्षकांना दोष देऊ नका प्लीज, निकालावरून वर्गांची तुलना होणार असेल तर कोणीही हेच करेल. डोनाल्ड कॅम्पबेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच हे मांडलं होतं की एखाद्या आकड्यावर मोठे निर्णय व्हायला लागले की तो आकडाही बिघडतो आणि ज्या कामाचं मोजमाप करायचं ते कामही बिघडतं. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची झाली, पुढे २००७ च्या एका सर्वेक्षणात ६२ टक्के डिस्ट्रिक्टनी सांगितलं की प्राथमिकला या दोन्ही किंवा त्यातल्या एका विषयाचा वेळ वाढवलाय, आणि ४४ टक्के ठिकाणी तो इतर विषयांमधून, खेळाच्या किंवा सुट्टीच्या वेळेतून काढला होता.

रिपोर्ट तर फारच निराश करतो. तो येईपर्यंत आम्ही दोन धडे पुढे गेलेलो असतो, आणि हातात काय पडतं तर पर्सेंटाइल. मूल ४० व्या पर्सेंटाइलला आहे म्हणजे साधारण ४० टक्के मुलं त्याच्या मागे आहेत एवढंच, त्याला भागाकार येतो की नाही हे त्यातून कळत नाही. पालक मात्र ४० मार्क समजून घाबरतात आणि मूल रडवेलं होऊन शाळेत येतं, ते बघवत नाही.

चाचणी हा प्रकारच वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं (८१ विरुद्ध ७५ टक्के), पण आठवड्याने उलटं झालं, ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं त्यांना ५६ टक्के आठवलं आणि नुसतं वाचणाऱ्यांना ४२. म्हणून मी प्रश्नपेढीतले चार-पाच प्रश्न तासाच्या सुरुवातीला देते, मार्क नाहीत, नोंद नाही, उत्तरावर लगेच चर्चा, आणि जी मुलं मोठ्या चाचणीत गप्प बसतात तीच इथे एकमेकांशी भांडून कारण सांगतात.

पाचपैकी अडीच स्टार, ते सगळे प्रश्नपेढीचे. तुमची शाळा असं काही घेणार असेल तर आधी विचारा की प्रश्नपेढी वेगळी मिळते का, प्रत्येक मुलाने कुठला पर्याय निवडला ते शिक्षकाला त्याच दिवशी दिसतं का, आणि तीनऐवजी एकच मोठी चाचणी घेतली तर चालेल का. आमच्याकडे पुढच्या वर्षी एकच घ्यावी असं पत्र आम्ही शिक्षकांनी मिळून दिलंय.