अर्थसी मालिका, सहा पुस्तकांचा सेट : बरेच महिने वापरल्यानंतर (नकाशा, बाइंडिंग आणि चौथं पुस्तक)

आधी नकाशाबद्दल लिहिते, कारण सेट घेताना पहिल्यांदा तोच बघायला हवा आणि नेमकं त्याबद्दल कुणी चकार शब्द लिहीत नाही. ज्यांना उर्सुला ले ग्विनची ही मालिका माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको, पण इथे सगळं जगच बेटांचं आहे, मोठा खंड नावाला नाही, नुसता समुद्र आणि शेकडो बेटं. बाईंनी गोष्ट लिहायला घेतली तेव्हा आधी मोठ्या कागदावर नकाशा काढला आणि मग त्या बेटांवर कोण राहतं, काय पिकतं हे शोधत गेल्या. म्हणजे नकाशा शोभेसाठी नाहीये, गोष्टच त्यातून निघालीये. आणि माझ्या सेटमधे तो छापलाय कसा, तर लहान पेपरबॅकच्या दोन पानांवर मिळून, फिकट करड्या शाईत, आणि बरोबर मधोमध घडी. आता त्या नकाशाच्या मधे काय आहे? रोक. जिथे जादूगारांची शाळा आहे ते बेट. पुस्तक कितीही ताणून उघडा, रोकच्या जागी डिंकाची रेघ दिसते, आणि आजूबाजूच्या बेटांची अर्धी नावं एका पानावर, अर्धी घडीच्या पोटात.

सेट घेतला भाचीसाठी, ती अकरावीला आहे आणि शाळा-जादू-ड्रॅगन प्रकारातलं सगळं वाचून बसलीये. साधारण अडीच हजार पडले, ते मला जास्तच वाटले होते, पण सहाही पुस्तकं एकदम मिळत होती म्हणून घेतला. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन, "मावशी, यात रोक कुठंय गं?" मी म्हटलं नीट उघडून बघ. तिने नीट उघडून बघितलं आणि पाठीचा कणा मोडला, पुस्तकाच्या. पहिली वीसेक पानं नकाशासकट सुटी झाली.

मग सेलरशी भांडण. मी फोटो पाठवले, उत्तर आलं की बाइंडिंग वापराने सुटलंय, तो मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नाही. मी विचारलं की पुस्तकाचा वापर म्हणजे उघडणं सोडून आणखी काय असतं, त्यावर उत्तर नाही. परत चॅट, परत नवीन माणूस, परत सुरुवातीपासून तीच कथा, आणि तोवर रिटर्नची मुदत संपली. शेवटी शंभर रुपयांचं कूपन देऊ केलं, ते मी घेतलं नाही कारण ते त्यांच्याकडेच खर्च करायचं होतं. यावरून एवढंच सांगते, डिलिव्हरी आली की त्याच दिवशी प्रत्येक पुस्तक मधून उघडून बघा आणि नकाशाच्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आम्ही काय केलं ते लिहिते म्हणजे कुणाला उपयोग होईल. लेखिकेच्या वेबसाइटवर नकाशा आहे. तो स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर काढून घेतला, लॅमिनेट केला, आणि भाचीने त्यावर मार्कर पेनने गेडचे (हा मालिकेचा नायक, जादूगार) प्रवास काढले, प्रत्येक पुस्तकाला वेगळा रंग. आणि तेव्हा ही मालिका खरी उघडली. पहिल्या पुस्तकात गेड ईशान्येकडच्या गाँट बेटावरून निघतो, रोकला शिकतो, तिथे घमेंडीत नको ती विद्या करून एक सावली मोकळी सोडतो, मग पश्चिमेला पेंडॉरला ड्रॅगनशी बोलणी, मग पार उत्तरेला ओस्किल, तिथून ससाणा होऊन परत गाँट. इथवरची रेघ नुसती सैरावैरा आहे, सावली मागे आणि हा पुढे. मग त्याचे गुरू ओगियन त्याला सांगतात की आता वळ, तूच तिच्या मागे लाग. आणि तिथून पुढची रेघ हळूहळू एकाच दिशेला जायला लागते, आग्नेयेला, शेवटच्या बेटाच्याही पलीकडे, जिथे कागदावर काहीच छापलेलं नाही. वाचताना जे कळतं ते कागदावर डोळ्यांना दिसतं. हे माझ्या सेटमधे शक्यच नव्हतं, आणि याचा मला अजून राग आहे.

आता पुस्तकांबद्दल. पहिलं, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', 1968 चं. एका प्रकाशकाने बाईंना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून विचारलं होतं त्यातून झालेलं. आज जादूची शाळा म्हटलं की सगळ्यांना नंतरची पुस्तकं आठवतात, पण ही शाळा तेव्हाची आहे आणि फार वेगळी आहे, इथे कुरेमकारमेरुक नावाचे मास्तर एका एकाकी मनोऱ्यात मुलांना बसवून फक्त नावांच्या याद्या पाठ करायला लावतात. कारण इथली जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं, आणि प्रत्येक जादूचा कुठेतरी दुसरीकडे परिणाम होतो, इथला पाऊस थांबवलात तर तिकडे दुष्काळ पडेल. मला सगळ्यात आवडलेली जागा शाळेच्याही आधीची आहे. गेड पोरगा आहे, ओगियनबरोबर पहिल्यांदा चालत निघालाय, पाऊस कोसळतोय. ओगियन एवढे मोठे की त्यांनी भूकंप थांबवलेला, मनात आणलं तर ढग बाजूला सारतील. पण ते काही करत नाहीत, फरच्या दाट झाडाखाली जाऊन आडवे होतात. आणि गेड ठिबकणाऱ्या झुडपात भिजत बसून विचार करतो की वापरायचीच नसेल तर ही विद्या काय कामाची. हे मी जुलैत डोंबिवली लोकलमधे खिडकीतून पाणी आत येत असताना वाचलं आणि तो पोरगा मला फार जवळचा वाटला.

आणि होडी. 'लुकफार' ही गेडची होडी त्याला एक म्हातारा कोळी देतो, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असतो तो गेड बरा करतो, आणि म्हातारा म्हणतो होडीच्या नाळेवर दोन डोळे रंगव. एवढंसं आहे, पण पुढच्या पुस्तकात ती होडी परत आली की आपण ओळखीचं माणूस दिसल्यासारखं खूश होतो.

अजून एक, कव्हर बघून फसू नका. गेड तांबूस-सावळा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, गोरे लोक आहेत ते कारगाड बेटांवरचे, आणि पहिल्या पुस्तकात तेच लुटारू म्हणून येतात. 1968 साली हे मुद्दाम केलेलं होतं. 2004 च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा करून टाकला तेव्हा बाईंनी जाहीरपणे लिहून निषेध केला होता आणि अगदी बरोबर केलं. भाचीने शाळेत असल्यापासून जेवढी म्हणून फँटसी वाचली त्यात हिरो तिच्या रंगाचा पहिल्यांदा सापडला, हे ती स्वतःहून म्हणाली.

दुसरं, 'द टूम्स ऑफ अतुआन', मला सगळ्यात परफेक्ट वाटतं. टेनार नावाच्या मुलीला लहानपणीच घरातून उचलून थडग्यांची पुजारीण करतात, नाव काढून घेतात, आणि तिचं राज्य म्हणजे जमिनीखालचा अंधारा चक्रव्यूह, थडग्यांखालच्या गुहेत तर दिवा न्यायलाही बंदी, भिंत चाचपत वळणं मोजत जायचं. गेड अर्धं पुस्तक संपत आलं तरी येत नाही. पहिलं वाचून उड्या मारत आलेल्यांना हे सुरुवातीला जड जातं, पण सोडू नका. तिसरं, 'द फार्देस्ट शोअर', मधे रेंगाळतं, आणि आरेन राजपुत्राची गेडवरची भक्ती मला जरा जास्त झाली. पण जगातून जादू आटत चाललीये हे दाखवायला त्यांनी लोरबानेरी हे रेशमाचं बेट घेतलंय, तिथले रंगारी आपली विद्याच विसरलेत, रंग धरत नाही, माल भिकार, आणि सगळे एकमेकांवर खेकसतायत. तलवारी-बिलवारी काही नाही, नुसतं काम बिघडलेलं गाव, आणि तेच सगळ्यात भीतीदायक वाटतं.

आता चौथं, 'तेहानू', ज्याच्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसले. तिसरं 1972 चं आणि हे 1990 चं, मधे 18 वर्षं. नेटवर अर्धे लोक सांगतात की तिघांवर थांबा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझंही मत तेच होत होतं. प्रवास नाही, नकाशा घडी करून ठेवला कारण सगळी गोष्ट एकट्या गाँटवर. टेनार आता मध्यमवयीन, शेतकऱ्याची विधवा, शेळ्या, स्वयंपाकघर, आणि पदरात एक पोर जिला तिच्याच माणसांनी मारून आगीत टाकलेली, अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला. गेड येतो तो सगळी शक्ती संपवून, आणि लपून बसतो. मला वाटलं की आपल्या हिरोचं हे काय करून ठेवलं. रिव्ह्यू तेव्हाच लिहिला असता तर चौथ्याला दोन स्टार दिले असते.

मग भाचीने पहिलं पुस्तक (सुट्या पानांवर रबरबँड लावून) परत वाचलं आणि सुरुवातीच्याच एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून मला फोटो पाठवला. गाँटवरची म्हण आहे, बायकांच्या जादूसारखं दुबळं, बायकांच्या जादूसारखं दुष्ट. पहिल्या वेळी मी ते वाचून पुढे गेले होते. रोकच्या शाळेत मुलगी नाही, नऊ मास्तरांत बाई नाही, आणि तीन पुस्तकांत कुणी विचारतही नाही की का. ज्या लेखिकेने ते जग बनवलं तीच 18 वर्षांनी परत येऊन आपल्याच जगाला विचारते की हे असं का. हे डोक्यात ठेवून मी 'तेहानू' परत घेतलं, आणि आता मला ते सहांत सगळ्यात मोठं पुस्तक वाटतं.

त्यातला एक प्रसंग सांगते, सुरुवातीचाच आहे त्यामुळे फार काही फुटणार नाही. ओगियन गेलेत. मरताना आपलं खरं नाव त्यांनी टेनारला सांगितलंय. दोन जादूगार येतात आणि मृतदेहाजवळ उभे राहून वाद घालतात की यांना पुरायचं कुठे, माझ्या गावात की तुझ्या, आणि शेवटच्या क्षणी जी बाई शेजारी होती, जी सांगतेय की त्यांना इथेच राहायचं होतं, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. ती त्यांचं नाव उच्चारते, तरी त्या दोघांना वेळ लागतो की आपल्याशी कुणीतरी बोललं हे कळायला. आजारपण काढलं बाईने आणि पुढचं ठरवायला ओसरीवर पुरुष जमलेत, असं घर ज्या बाईने पाहिलं नाही अशी मला तरी माहीत नाही. आणखी एक, टेनारचा मुलगा समुद्रावरून घरी येतो, जेवतो, आणि ताट धू म्हटलं तर म्हणतो ते बायकांचं काम. ती म्हणते या स्वयंपाकघरात जो जेवतो त्याचं ते काम. तो उठून जातो. ड्रॅगन असलेल्या मालिकेत हा प्रसंग तेवढाच ताणाचा आहे, मी श्वास रोखून वाचला. आणि गेड, सगळ्या द्वीपसमूहाचा आर्चमेज, म्हणजे सगळ्यात वरचा जादूगार होता तो, डोंगरात शेळ्या राखतो आणि मग साधा माणूस म्हणून जगायला शिकतो. पहिल्या वाचनात मला हा त्याचा अपमान वाटत होता, आता वाटतं की ओगियनने त्या पावसात जे शिकवलं ते त्याला कळलं ते इथे.

एक मात्र गांभीर्याने घ्या. पोरीवर काय अत्याचार झालाय हे पुस्तक सविस्तर वर्णन करत नाही पण लपवतही नाही. पहिलं पुस्तक अकरा-बारा वर्षांच्या मुलाला बिनधास्त द्या, 'तेहानू' देण्याआधी स्वतः वाचा आणि वाचून झाल्यावर मुलांशी बोला. सेटमधे सगळी सारखीच दिसतात, कव्हरवर काही सूचना नाही.

पाचवं-सहावं थोडक्यात. 'टेल्स फ्रॉम अर्थसी' (2001) हा कथासंग्रह आहे, पुष्कळ लोक कथा म्हणून गाळतात, तसं करू नका, त्यातली 'ड्रॅगनफ्लाय' वाचल्याशिवाय सहाव्यातले धागे लागत नाहीत. माझी आवडती मात्र 'ऑन द हाय मार्श', गुरांची साथ बरी करायला आलेल्या एका थकलेल्या माणसाची. सहावं, 'द अदर विंड', तेही 2001 चंच, त्यात आल्डर नावाचा साधा भांडी सांधणारा मांत्रिक आहे, त्याची बायको वारलीये आणि रोज झोपेत त्याला दगडी भिंतीपलीकडून मेलेली माणसं हाक मारतात. गेड त्याला उपाय म्हणून मांजराचं पिल्लू देतो, रात्री अंगाला चिकटून झोपायला. 'तेहानू'च्या कव्हरवर 'शेवटचं पुस्तक' असं छापून गेलेलं होतं, तरी बाईंनी पुढे ही दोन लिहिली, हे आम्हा वाचकांचं भाग्य.

रेटिंग द्यायचं तर लेखनाला पाचपैकी पाच, माझ्या सेटच्या छपाईला एक, तोही अक्षर बऱ्यापैकी मोठं आहे म्हणून. माझा सल्ला, सेट घेऊच नका. पहिली तीन सेकंडहँड सहज मिळतात, ती घ्या, आवडली तर पुढची सुटी घ्या, आणि नकाशा झेरॉक्सवाल्याकडून काढा. 2018 साली सगळं एकत्र असलेला सचित्र मोठा खंड निघाला, चार्ल्स व्हेसच्या चित्रांचा, हजारेक पानांचा. त्यात गेडच्या म्हातारपणाची 'फायरलाइट' ही कथा आहे जी आमच्या सेटमधे नाही. लोकलमधे तो उचलून नेणं अशक्य आहे आणि किंमतही अजून माझ्या आवाक्याबाहेर आहे, त्यामुळे तूर्त भाची आणि मी तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत मागणी नोंदवलीये, आणि सेलमधे किंमत उतरली तर अर्धे-अर्धे पैसे घालून घ्यायचं ठरलंय.