चौरस मीटर आणि अंशाची खूण: ऑल्ट-कोड की ऑल्ट+एक्स?

गोव्यात जमिनीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहितात, त्यामुळे विक्रीखताच्या मसुद्यात ² सतत लागतं.

विंडोजमध्ये नमलॉक चालू ठेवून, ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांवर ०१७८ टाइप करा, अंशासाठी ०१७६. सुरुवातीचं शून्य गाळलंत तर ठिपक्यांचा चौकोन उमटतो. ही पद्धत एक्सेलमध्येही चालते, पण वेगळे आकडे नसलेल्या लॅपटॉपवर अडते.

वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर ² साठी बी२, ° साठी बी० लिहून ऑल्ट+एक्स. लॅपटॉपवाल्यांनी हीच धरावी. मात्र २५ ला चिकटून बी० लिहिलं की वर्ड '२५बी०' हा एकच कोड समजतो आणि ° ऐवजी ▰ येतं. म्हणून फक्त बी० सिलेक्ट करूनच ऑल्ट+एक्स दाबा.

जुन्या पोर्तुगीज कागदांतलं º हे क्रमांकाचं चिन्ह. तिथून कॉपी करून तापमानाला लावू नका.